भिंतीला हात

एप्रिलच्या नऊ तारखेला, दुपारी अडीचला,
सतरा वर्षांचा विंडो एसी
एकदा खाकरला आणि गप्प झाला.
मामय्यांनी भिंतीवर तळहात टेकवला.
"पोयिंदी," म्हणाले. गेला.

चाळीस वर्षं पॉवरलूमवर उभं राहून
त्यांच्या कानांत आता काही शिरत नाही.
मशीन जिवंत आहे का
ते हातानंच बघतात.

पहिला एसीवाला फोनवरच म्हणाला, दोन टन.
खोली केवढी, विचारलं नाही.
"सोलापूर आहे वहिनी, दोनच लागतो.
आज ठरवलात तर स्टॅबिलायझर फुकट."

दुसरा आला, बुटांसकट आत.
हातात चकचकीत कागद, कागदावर
रजई पांघरून हसणारी माणसं.
मी विचारलं, कॉइल तांब्याची का अल्युमिनियमची?
त्यानं कागद उलटा करून बघितला.
"तांब्याचीच असेल की."
या "असेल"वर
बेचाळीस हजार कसे ठेवू?

मधले चार दिवस खिडकीला ओली चादर.
नळ पाचव्या दिवशी येतो,
म्हणजे चादर भिजवायची की भांडी घासायची
हेही रोज ठरवावं लागतं.
चादर मामय्यांनीच विणलेली, मोराची.
तासाभरात मोर वाळून कडक.

तिसरा रज्जाक नदाफ.
स्कुटीला शिडी आडवी बांधून शेळगीत शिरला
तेव्हा गल्लीतली पोरं मागं पळत होती.
चपला दाराबाहेर. खिशातून टेप.
दहा बाय बारा.
मग गच्चीवर गेला, खाली आला,
पश्चिमेच्या भिंतीला हात लावला
आणि चटकन काढून घेतला.

"ताई, एसी नंतर. आधी गच्चीला चुना मारा.
नाहीतर दोन टन लावा का चार,
भाकरी तव्यावरच आहे."
दीड टन बास, म्हणाला.
बाहेरचं युनिट उत्तरेला.
पाइप सहा फूट जास्त लागेल, त्याचे पैसे घेणार.
"कंपनी कुठली?"
"जिचा मेकॅनिक सोलापुरात राहतो ती.
मे महिन्यात पुण्याहून कोण येतंय?"

वहीचं पान फाडून लिहून दिलं सगळं:
पाइप, स्टँड, वायर, मजुरी.
जुन्याचे वजा बावीसशे.
भोक बुजवायला गवंडी, त्यापुढं रेघ नुसती.
"त्याचा भाव त्याला विचारा."

नागेश हैदराबादहून म्हणाले, ऑनलाइन स्वस्त आहे, बघ.
बघितलं. एकोणीसशेनं स्वस्त.
पण त्या फोटोला
आमच्या भिंतीचा चटका कुठं बसला होता?

जुना उतरवताना रज्जाकनं जाळी झटकली.
राखाडी कापसाचा बोळा पडला, मुठीएवढा.
"आजा आमचा गाद्या पिंजायचा," तो हसला.
मामय्यांनी बोळा चिमटीत ओढून बघितला,
पीळ दिला, उजेडात धरला:
"वीस नंबरचं सूत होईल."

नवा लागला. आवाज नाही.
रात्री मामय्या भिंतीशी, तळहात टेकवून.
भिंत काही बोलेना.
मला तीनदा उठवलं. "बंद पडला गं."
मी आकडा दाखवला, सव्वीस.
आकडा वाचला त्यांनी,
पण जो थरथरत नाही
त्याच्यावर भरवसा ठेवायची सवय नाही.

चौथ्या दुपारी खाटेवर नव्हते.
मागच्या बोळात सापडले,
स्टुलावर, घामानं निथळत,
एसीच्या पाण्याच्या नळीखाली ओंजळ धरून.
आमची हवा कोरडी, थेंबाला वेळ लागतो.
बादलीत चार बोटं पाणी.
एक थेंब पडला, हात वर करून दाखवला मला.
"नडुस्तुंदी!" चालू आहे.

आत खोली गार,
दार लावलेलं,
खाट रिकामी.
मी दुसरं स्टूल आणलं.