इरली बिडरी

वडगावात माग बंद पडायला लागले त्या साली
नरसूकाकानं सामाईक माग भंगारात घातला,
आबांना न विचारता.
एकतीस वर्षं आबा त्यांच्याशी बोलले नाहीत.
मधली भिंत एकच. काका खोकले की
आबा रेडिओ बारीक करायचे
आणि आत बघून म्हणायचे,
"आलं हाय काय गं घरात? वाया जायचं की."
आई समजायची.
वाटी परड्यातून पलीकडं जायची.

बैलहोंगलच्या इराण्णानं मात्र
कच्च्या रंगाचं सूत गळ्यात मारलं,
पहिल्याच धुण्यात बारा साड्यांच्या काठाचा लाल
अंगभर उतरला,
तरी त्याला चहा पाजून आबा म्हणाले,
इरली बिडरी.
राहू द्या, सोडा.
परक्याला, परक्या बोलीत
किती सहज सुटायचं त्यांच्या तोंडून.
मराठीत तो शब्द त्यांना सापडलाच नाही.
काका गेले तेव्हा तिरडीचे बांबू
त्यांनीच निवडले, एकेक वाकवून बघत.

मी तशी नाही, असं मला वाटायचं.
काकूच्या पाया पडते.
चुलतभावाच्या पोराला उद्यमबागेत चिकटवला.
पण शालन, माझ्या पाठची,
आईच्या पाटल्या तिनं सिव्हिलमध्येच काढून घेतल्या,
हात अजून गरम होता.
तिचं नाव निघालं की मी
कुकरच्या शिट्ट्या मोजायला लागते.

आणि स्वरूपा, माझी लेक. बेंगळूरला असते.
धारवाडच्या त्या मुलाला मी सांगितलं होतं,
तिचं दुसरीकडं जमलंय म्हणून.
जमलं नव्हतं.
सात वर्षांनी तिला कळलं, कुणाच्या तरी बारशात.
परवा फोनवर म्हणाली,
"मम्मी, मी तुला माफ केलंय. खरंच.
मनात काही नाही."
आवाज स्वच्छ, घासून पालथ्या घातलेल्या ताटासारखा.
मी म्हटलं, मग गणपतीला ये की.
"तसं नाही गं," म्हणाली. "येणं वेगळं."

फोन ठेवला तेव्हा दिवे लागले होते.
भिंतीपलीकडं आता भाडेकरू आहेत, गोकाकचे.
त्यांची म्हातारी खोकत होती.
मला सगळं माफ झालेलं,
आणि मी फडताळात आलं शोधत होते.
सापडलं, सुकून दोरी झालेलं.
तरी किसलं.