नवख्यांसाठी दहा मिनिटं

लग्नसराई संपली तसे सुभेदार घाडी
माझ्या स्टुडिओत आले. काउंटरवर
अल्बम बाजूला सारून नकाशा पसरला, म्हणाले,
"दहा मिनिटांचा व्हिडिओ कर गा, पोरांना दाखवायला.
ओरिएंटियरिंग म्हटलं की हसतात बघ.
नाव मोठं आहे. खेळ साधा आहे.
रानात जायचं, खुणा शोधायच्या, परत यायचं."

खानापूर ते नंदगड एक मंडप मी सोडला नाही,
अक्षता कुठून येणार हे मला आधी कळतं.
पण हा कागद वेगळाच.
पांढरं म्हणजे पळता येईल असं रान,
हिरवं म्हणजे अडचण,
तपकिरी रेघा जितक्या जवळ तितका दम लागणार.
आणि नाव एकही नाही.
ना गावाचं, ना ओढ्याचं, ना कुठल्या लिपीत.
पाटीवरच्या अक्षरांपायी
बसच्या काचा फुटलेल्या मी पाहिल्यात.
मी कागद उलटून मागची बाजूही बघितली.

पहिला व्हिडिओ झकास झाला.
जांबोटीच्या रानावरून ड्रोन, खाली धुकं,
खुणेपासून खुणेपर्यंत सळसळत जाणारा लाल बाण,
मागं सनई नको म्हणून गिटार.
सुभेदारांनी शेवटपर्यंत बघितला. चष्मा पुसला.
"वरनं कुणालाही दिसतंय रे.
पोरगी खाली असते."

मग मी रेणुका हलगेकरच्या मागं लागलो,
नववीतली, बाप कौलांच्या कारखान्यात.
तिच्या अंगठ्याखाली नकाशा, बोटात होकायंत्र,
माझ्या हातात कॅमेरा आणि पायात लग्नातले बूट.
तीन खुणा तिनं सहज घेतल्या.
नारिंगी-पांढरा तिकोनी कंदील, पंचाचा टिक्,
आणि ही पुढं, मी करवंदीत.

चौथी सापडेना.

ती थांबली. वळली. कागद मात्र
उत्तर धरून तसाच राहिला, तीच त्याच्याभोवती फिरली.
किंजळाच्या बुंध्याला हात लावून हळूच म्हणाली,
"मी इथं नाहीच आहे."

मला माहीत होतं खूण कुठं आहे.
ड्रोनवरून पाहिलेली, डावीकडं, ओढ्याच्या वळणावर.
जीभ टाळूला लावून उभा राहिलो.
तिच्या कानामागून घाम उतरत होता,
व्ह्यूफाइंडरच्या कोपऱ्यात लाल ठिपका लुकलुकत होता,
कुठंतरी सुतार पक्षी टकटक करत होता
आणि अकरा मिनिटं काहीच घडलं नाही.

मग ती माघारी निघाली.
हळद वाहिलेल्या त्या वारुळापाशी,
जिथवर खात्री होती तिथवर.
तिथून पावलं मोजत, ओठ हलवत
सरळ ओढ्यावर.
टिक्.

ती अकरा मिनिटं कापायला बसलो
तर सुभेदारांनी माऊसवर हात ठेवला.
"मग दहा मिनिटांचं काय?"
"राहू दे की."

मराठी शाळेच्या पोरांना दाखवला, कानडी शाळेच्याही,
एकाच खोलीत, एकाच चादरीवर.
निवेदन कुठल्या भाषेत, हा प्रश्न निघणारच होता,
म्हणून ठेवलंच नाही. नुसता तिचा श्वास
आणि पाचोळा.
चौथ्या खुणेला खुसपुस थांबली.
पुढं बसलेला ईरण्णा गुडघ्यावर उठून ओरडला,
"हिंदक होगऽ!"
मागून कुणीतरी, "अगं माघारी जा की!"
दोघांनी एकमेकांकडं बघितलंही नाही,
पडद्यावरच डोळे.
रेणुका दारात उभी, तोंडावर ओढणी धरून.

रविवारी सव्वीस पोरं आली.
सुभेदार नकाशे वाटत होते, एक उरला,
तो त्यांनी माझ्याकडं धरला.
कॅमेरा गाडीच्या डिकीत ठेवला.
पहिली खूण मिळाली.
दुसरीसाठी मी आता
एका किंजळाला हात लावून उभा आहे.