तारण

गुरुवारी सहा वाजता, जुन्या जालन्यात,
चर्चमागच्या खोलीत पाच खुर्च्या, एक सतरंजी
आणि मी. सव्वीस वर्षं मिशनच्या दवाखान्यात
लोकांच्या पट्ट्या बदलल्या, आता फळा पुसते.
पाळकसाहेब म्हणाले, शलोमीबाई,
बाप्तिस्म्याआधी यांना तेवढे शब्द समजावा.

तेवढे शब्द.
मी जन्मलेच त्यांच्यात. आमच्या घरात कृपा
डब्यातल्या साखरेसारखी असायची,
कुठून येते, कुणी विचारलं नाही.

समोर अंकुश, रोलिंग मिलमधला,
भुवया भट्टीनं खाल्लेल्या.
मी फळ्यावर लिहिलं, खंडणी.
तो दचकला. "आमच्या ठेकेदाराला मागितली व्हती, बाई,
फोनवर. देवालाबी कुनी मागतं का?"
मी हसले, आणि मग हसू अडलं.
कुणाला दिली, हे मोठमोठ्या शहाण्यांनाही
नीट सांगता आलेलं नाही.
म्हटलं, सोडवायला मोजलेली किंमत, एवढं धर.
घेणाऱ्याचं नाव मलाही माहीत नाही.

मंडळीत कधी येणार, विचारलं,
तर सुदाम म्हणतो, "मह्या मंडळीला इचारून सांगतो,"
आणि ती शेजारीच, पदरात तोंड खुपसून.
बरोबर आहे, म्हटलं, हीसुद्धा कुणाची तरी नवरीच आहे.
ते पुढं कधीतरी.

साक्ष म्हटलं की लखन चपला शोधतो,
कोर्टात दोन तारखा झाल्यात त्याच्या.

पश्चात्ताप त्यातल्या त्यात सोपा.
जायचं अंबडला आणि बसलात परतूरच्या एसटीत,
तर रडून गाडी वळत नाही.
उतरावं लागतं, हातातल्या पिशवीसकट,
आणि लोक बघतात.

शेवटच्या खुर्चीत द्वारकाबाई.
जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देते, दारोदार.
दिवसभर ओरडून आवाज संपलेला असतो,
इथं बोलत नाही.
मी लिहिलं, तारण.
तिचा हात गळ्याकडे गेला.
काळी पोत, मधे नुसता दोरा.
"हे तर म्या केलेलं हाये, बाई.
डोरलं. पतसंस्थेत.
पोराच्या मांडीत सळई घातली तव्हा."

मी सांगायला हवं होतं, तो अर्थ वेगळा, हा वेगळा.
तेवढं व्याकरण येतं मला.
खडू धरून उभी राहिले. वेळ संपली म्हणाले.
संपली नव्हती.

पुढच्या गुरुवारी नळाला पाणी आलं,
नवव्या दिवशी, नेमकं सहाला.
कुणी आलं नाही. मीही गेले नाही,
हंडे भरत होते.

त्यापुढच्या गुरुवारी ती सगळ्यांच्या आधी,
खुर्ची सोडून सतरंजीवर.
"इचार केला," म्हणाली.
"कर्ज महं. आन् तिजोरीत जाऊन पडलं कोन? डोरलं.
त्याचा काय गुन्हा, बाई?
अंधारात, मह्या नावाची चिठ्ठी बांधून.
तुमच्या येसूचंबी तसंच का?
तीन दिस?"

प्रायश्चित्त हा शब्द मी पाच वर्षांची असल्यापासून
जोडाक्षराला न अडखळता म्हणत आलेय.

"सुटला ना पर तो?"
सुटला.
"आन् व्याज?"
तेही.
ती फळ्याकडं बघत राहिली, कोऱ्याच.
"महं न्हाई सुटलं अजून," म्हणाली,
तक्रार नव्हती, हिशेब होता.
मी काहीच समजावलं नाही.

मग अंकुश आला, लोखंडाचा वास घेऊन,
मग सुदाम, एकटाच, मग कुणाचं तरी पोर.
मी खडू घेतला. मोठ्या अक्षरांत लिहायला गेले
आणि पुनरु-पाशी फळाच संपला.
बोटं कडेवर थांबली.
"खाली लिवा की," द्वारकाबाई म्हणाली,
"जागा हाये."