संदर्भ हवा

फहाहीलच्या मासळीबाजारामागे, दुसऱ्या गल्लीत,
पाटीवर मराठीत 'दाभोळ', अरबीत 'दाबूल',
इंग्रजीत रंगाऱ्याच्या मर्जीने तिसरंच काहीतरी.
बशीरभाई वांगडेंची खाणावळ.
रिफायनरीतली रात्रपाळी संपवून, डोळे चोळत,
मी तिच्यावर सव्वाशे शब्द लिहिले
आणि ज्ञानकोशाला पाठवले.

सांगलीहून ओगलेबाईंचं उत्तर आलं, नेहमीसारखं सभ्य:
उल्लेखनीयता सिद्ध होत नाही.
तीन स्वतंत्र, विश्वासार्ह संदर्भ द्यावेत.
'चविष्ट' हे विशेषण काढावं.

काढलं.
दुपारी झुबैदी खाताना (म्हणजे आपलं पापलेट हो,
इथे नाव बदलून राहतं)
मनातल्या मनात पुन्हा घातलं.

मग संदर्भ शोधत फिरलो.
मंडळाची स्मरणिका, शेवटून दुसरं पान:
'हॉटेल दाभोळतर्फे गणेशोत्सवाच्या शुभेच्छा.'
जाहिरात. पैसे देऊन छापलेली. बाद.
बलदियाची पावती:
आचाऱ्याने टोपी घातली नव्हती, दंड पन्नास दिनार.
स्वतंत्र आहे, विश्वासार्ह तर आहेच,
पण बाईंना कळवू कसं
की सरकारने दखल घेतली ती एवढीच?

तिसरा संदर्भ बशीरभाईंनी गल्ल्याखालून काढला.
उधारीची वही. लाल पुठ्ठा,
तेल पिऊन पानं काचेसारखी झालेली,
मागची उधारी पुढून वाचता येते.

नव्वदचा ऑगस्ट.
सुभान, बाणकोट, २.
पास्कल, वसई, १.
दगडू, चिपळूण, घरचे धरून ४.
थंकम्मा नर्स, गाव माहीत नाही, १.
शिपाई, पोरगाच, बसरा, १.
रकमेचा रकाना कोरा.
पान उलटलं, कोरा.
अशी अकरा पानं.

त्या दिवसांत वर्तमानपत्रं बंद होती.
छापणारे पळाले होते, वाचणारे पाण्याच्या रांगेत.
स्वतंत्र संदर्भ लिहिणार होतं कोण?
तांदूळ कुठून आणलात, मी विचारलं.
'होता,' म्हणाले,
आणि कांदा चिरायला लागले.

पानांचे फोटो पाठवले.
या वेळी उत्तराला चार दिवस लागले.
वही मालकाच्या हस्ताक्षरातली, सबब ग्राह्य नाही.
नियम मी केलेले नाहीत, असं खाली वेगळ्या ओळीत.
त्याच्याही खाली, बऱ्याच अंतरावर:
थंकम्मांचं पुढे काय झालं?

मला माहीत नव्हतं.
बशीरभाईंनाही नव्हतं.
'परत आली नाही म्हणजे पोचली असेल,' म्हणाले,
मग माझ्या खांद्यावरून डोकावले:
'हे काय, छापून येणार?'
प्रयत्न चालू आहे, म्हटलं.
'नको रे बाबा! लायसनवर खुर्च्या चोवीस.
मोजून बघ.'
शुक्रवार होता. मोजल्या.
एकेचाळीस,
तेलाचा डबा उलटा घातलाय तो धरून.
त्यावर मीच बसलो होतो.

मसुदा मागे घेतला.
कारणाच्या चौकटीत काय लिहावं सुचेना.
'केवळ स्थानिक महत्त्व' लिहिलं, मग 'केवळ' खोडलं.

निघताना खिशात सुट्टे नव्हते.
त्यांनी वही ओढली, आताची, निळ्या पुठ्ठ्याची.
नाव लिहिलं. गाव विचारलं.
सतरा वर्षं जेवतोय, पहिल्यांदाच विचारलं.
वेंगुर्ला, म्हटलं.
त्यांनी 'येंगुर्ला' लिहिलं. मी दुरुस्त केलं नाही.
पुढे १.
त्याच्या पुढच्या रकान्यापाशी पेन जरा थांबलं,
तेवढ्यात आतून कुणीतरी भाकरी मागितली.