विमानतळापर्यंत

दोनशे चौदा अर्जांतून उरले तीन.
मी फक्त गाडी चालवते. रॉचेस्टर, फेब्रुवारी,
रस्त्यावर मीठ, काचेवर मीठ.

दुसरी, मारिट सोलहाइम, मागच्या सीटवर
ओठ हलवत होती, व्याख्यानाची उजळणी.
सिग्नलला गाडी थांबली की वाक्यही थांबायचं.

रात्री जेवायला पाच प्राध्यापक,
घासागणिक एक प्रश्न :
सात वर्षांनी तुमची प्रयोगशाळा कुठे असेल?
माशाची बशी तशीच परत गेली.

पहाटे निघताना मी बेगल पुढे केला.
कागदासकट खाते की काय, वाटलं.
मग म्हणाली, नदी इथे पूर्ण गोठते?
धबधब्यापाशी नाही, मी म्हटलं.

समितीने सगळ्यांची मतं मागवली,
विद्यार्थ्यांचीसुद्धा.

मागच्या सीटवरचे तीळ
अजून झाडले नाहीत मी.