शेपूट बघ

चेन्नईहून खोकं आलं पहाटेच्या गाडीनं,
थर्मोकोलचं, कडेला ओल सुटलेलं.
वर निळ्या पेननं: बॅनर, नग चार.

कन्ना चौकातलं दुकान माझं.
इथल्या माणसाला समुद्र सहलीत दिसतो, एकदा, पँट वर दुमडून.
माझ्याकडं मीठ पाकिटातलं, पाणी फिल्टरचं,
काटा एक-शून्य-चोवीसवर थांबला
की मी म्हणतो, झाला समुद्र.

पिशव्या तरंगत ठेवल्या. चारी सारखे.
पांढरं अंग, दोन काळे उभे पट्टे,
पाठीतून सुटलेला एकेक लांब पांढरा धागा.

इराबत्ती मामा स्टुलावर. रोजचेच.
चाळीस वर्षं जकार्डच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडली,
माग भंगारात गेला, नजर तेवढी घरी आली.
मोतीबिंदू काढलेला डोळा काचेला लावून म्हणाले,
"तीनच हायेत की बे."
चार आहेत मामा, मोजा.
"मोजलो की. तू चारलु बघतोय."
(पट्ट्यांना ते चारलु म्हणतात, हिशेब आणि राग त्यांचा तेलुगूतच.)
"पट्टे काय, कोण बी उचलतंय.
आपली चादर अन् नकली चादर, मधी सारखीच.
फरक काठाला येतोय. शेपूट बघ."

बघितली.
तिघांची पिवळी, हळदीचं बोट पुसल्यासारखी.
चौथ्याची काळी, टोकाला पांढरी रेघ.
मग बाकीचंही दिसायला लागलं:
नाकाडावर नारिंगी खोगीर,
मागच्या पट्ट्याच्या अलीकडं, अंगातच, पिवळं.
हा आयडॉल. बॅनरचा चुलतसुद्धा नाही,
एका गठ्ठ्यात बांधला म्हणून भाऊ.

होटगी रोडच्या दातांच्या डॉक्टरांनी चार सांगितले होते,
खुर्चीची पाळी येईतो पोरं रडू नयेत म्हणून.
आगाऊ पैसे. त्यांना काय कळणार होतं?
बॅनर गोळ्या खातो, कोळंबी खातो, सोडलं तर बोट खाईल.
आयडॉल खात नाही.
खडकावरचा स्पंज कुरतडणारं तोंड ते,
माझ्या कोळंबीकडं असं बघतं
जसे मामा नातवाच्या नूडल्सकडं.

तीन दिले. एकाचे पैसे परत.
बायको म्हणाली, धंदा शिका आता तरी.

आज नववा दिवस.
उघडं शिंपलं लसणाच्या रसात बुडवून दगडाला टेकवलंय.
चोच लागली, एकदा.
"एक," मामा म्हणाले, आणि तासभर
दुसऱ्या आकड्यासाठी तोंड उघडंच ठेवून बसले.

रात्री डॉक्टरांचा फोन.
तिघं मजेत. चौथा कधी पाठवताय?
टाकीच्या त्या टोकाला काळी शेपूट
हलत होती, नव्हती, हलत होती.
म्हणालो, डॉक्टर, खोक्यात तीनच होते.