वाटी

पाचव्या आठवड्यात बेलार्मिनोचा गुडघा
अठ्ठ्याहत्तर अंशांवर अडून बसला.
कोनमापक मी दोनदा लावून पाहिला.
खाली बाजारात सार्डिनचा लिलाव चाललेला,
आणि हा छताकडे बघत म्हणाला,
"झुल्मिरा, घाईनं ठोकलेला दगड
पहिल्या पावसात उठतो."

चाळीस वर्षं त्यानं सेतूबालचे पदपथ बसवले.
पांढरा चुनखडक, काळा बसाल्ट,
मुठीएवढा एकेक तुकडा,
गुडघे टेकून.
कुणापुढे नव्हे. नुसते टेकून.

आता आत धातू आहे, मधे प्लास्टिकची चकती.
वाटी तेवढी त्याची स्वतःची.
ती मी दोन अंगठ्यांमधे धरते,
डावीकडे सारते, उजवीकडे,
मग खाली, पावलाकडे,
जिकडे जायला ती तयारच नसते.
व्रणाची कड अजून गुलाबी,
वाळल्या डिंकासारखी खालच्या थराला चिकटलेली.
तिच्यावर तेलाचं बोट ठेवून मी थांबते.
दाबत नाही. थांबते.
एवढं शिकायला मला अकरा वर्षं लागली.

कळ मस्तकात गेली की तो मला
मेलेल्या मुकादमाच्या नावानं हाक मारतो
आणि त्याच्या आईचा उद्धार करतो.
मी ओ देते.

एकदा मधेच म्हणाला, "तुझा अंगठा वाजतो.
खाली पोकळी राहिली की दगड असाच वाजतो."
संधिवात, म्हटलं. वर सांगू नकोस.
पुढच्या खेपेला त्यानं खिशातून काढली
सायकलच्या ट्यूबची दोन टोपणं,
त्याच्या बोटांच्या मापाची, आतून गुळगुळीत झालेली.
रबरातून मला काहीच कळणार नाही,
हे त्यालाही ठाऊक असावं.
ती माझ्या कोटात आहेत.

आज एक्क्याण्णव.
त्याला खरं वाटेना; चष्मा लावून
आकडा स्वतः वाचला. मग हळूच विचारलं,
"टेकता येईल?"
उशीवर, म्हटलं, थोडा वेळ, पुढेमागे.
दगडावर नाही.
लिलावातला एक आकडा दोनदा ऐकू आला.
तो मोजा चढवत राहिला,
स्वतःच्या हातानं, पहिल्यांदाच.

खिडकीतून बघते तर कोपऱ्यावर थांबलाय,
काठीचं टोक एका दगडावर आपटतोय,
मग शेजारच्या, मग पुन्हा पहिल्या,
कान तिरका करून.
पाववाली बाई वळसा घालून जाते.
आणि तो मान वर करून
अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडतो,
"हा माझा नव्हे!"